शाळेतील आपल्या मुलांचे मौन

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बौद्ध पालकांसमोर केलेले भाषण)



आपण धम्माची दीक्षा घेतलेली आहे. कोणाच्या आजोबांनी ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतली, तर कोणाच्या कुटुंबाने ती अगदी अलीकडे घेतली. दीक्षेनंतर घरातील जुने देव गेले, नवस-सायास गेले आणि त्यांच्या जागी मुलांचे शिक्षण आले. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा या भागांतील खेड्यांत सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी करून मिळविलेल्या मजुरीतून आपण वह्या-पुस्तकांची, शिकवणीची आणि वसतिगृहाची तरतूद करतो. मुलाचे नाव पटावर लागले, ते वर्गात जाऊन बसले, म्हणजे आपले कर्तव्य पार पडले असे आपणास वाटते. आज मी आपणास एकच प्रश्न विचारणार आहे. वर्गात जाऊन बसलेले ते मूल तेथे बोलते काय?

आपली पुष्कळ मुले बोलत नाहीत. गणित समजले नाही तरी हात वर करीत नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी सर्वांदेखत नावे पुकारली गेली की मान खाली घालतात. मित्राच्या घरी कोणी आडनाव विचारले, तर दुसऱ्या दिवसापासून त्या घरी जाणे बंद करतात. परंतु का बंद केले हे घरी सांगत नाहीत. खेड्यातून आलेला मुलगा शहरातील वर्गात 'मले', 'तुले', 'काऊन' असे आपल्या आईच्या बोलीत बोलला आणि वर्ग हसला, तर तो पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. मेळघाटातील कोरकू मुलाची अवस्था याहून बिकट असते, कारण त्याची घरची भाषाच निराळी असते. संध्याकाळी बाप विचारतो, "अभ्यास झाला काय?" मूल म्हणते, "झाला." यापलीकडे बापाला काही कळत नाही आणि आईलाही कळत नाही.

हे मौन म्हणजे शिस्त, असा आपला समज आहे. मास्तरही असे मूल शांत आणि गुणी म्हणून वाखाणतात. या समजुतीविषयी भगवान बुद्धांनी काय निर्णय दिला होता तो आपण ऐकला पाहिजे. विनयपिटकातील महावग्गात ही हकिगत आलेली आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी एकत्र वर्षावास केला. आपसात भांडण होऊ नये म्हणून त्यांनी तीन महिने एकमेकांशी बोलावयाचेच नाही असे ठरविले. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला भगवंतांकडे आले आणि आम्ही सुखाने राहिलो असे मोठ्या समाधानाने सांगू लागले. भगवंतांनी त्यांची स्तुती केली नाही. पशूंप्रमाणे एकत्र राहूनही आपण सुखाने राहिलो असे तुम्ही म्हणता, अशा शब्दांत त्यांनी त्यांची कानउघाडणी केली. मौनव्रत निषिद्ध ठरविले आणि वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणा करण्याचा नियम घालून दिला. प्रवारणा म्हणजे काय? प्रत्येकाने संघापुढे येऊन विनंती करावयाची की, माझ्याविषयी आपण जे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा आपणास जी शंका आली असेल, ते अनुकंपेने मला सांगावे. वर्षावास-समाप्तीच्या पौर्णिमेला आपण विहारात जमतो. त्या दिवसाचे मूळ या विधीत आहे.

या हकिगतीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, एका छपराखाली एकत्र राहणे म्हणजे सोबत नव्हे. दुसरी ही की, बोलण्यासाठी वेळ, जागा आणि नियम ठरवून द्यावे लागतात. "ज्याला बोलायचे त्याने बोलावे, कोणी अडविले आहे?" असे म्हणणे पुरेसे नाही. शाळेतील गट-समुपदेशनाचा विषय नेमका येथे सुरू होतो.

गट-समुपदेशन हा शब्द अवघड आहे. गोष्ट सोपी आहे. एकाच अडचणीतून जाणारी आठ-दहा मुले आठवड्यातून एकदा एका तासिकेपुरती गोल करून बसतात. त्यांच्यामध्ये त्या कामाचे शिक्षण घेतलेली एक व्यक्ती बसते. परीक्षेची धास्ती, वसतिगृहातील एकटेपणा, बापाचे दारूचे व्यसन, दहावीनंतर कोणती वाट धरावी याची चिंता, वर्गात होणारी चेष्टा, असा एखादा विषय घेऊन मुले बोलतात. समुपदेशक व्याख्यान देत नाही. तो बोलणे सुरू ठेवतो, कोणी दुसऱ्याला दुखवू लागला तर आवरतो आणि मागे राहिलेल्याला संधी देतो. साधारणपणे आठ-दहा बैठकांत एका गटाचे काम पुरे होते.

याचा गुण कशात आहे? ज्या मुलाला वाटते की भीती फक्त आपल्यालाच वाटते, त्याला समजते की शेजारच्या मुलालाही ती वाटते. मुलाचा कमीपणा येथेच निम्मा गळून पडतो. मग एखादी मुलगी सांगते की, मला इंग्रजी वाचताना घाम फुटत असे, तेव्हा मी रोज घरी एक पान मोठ्याने वाचू लागले. ही युक्ती मास्तराने सांगितली तर तो उपदेश होतो. बरोबरीच्या मुलीने सांगितली तर ती वाट होते. आणि ज्या मुलाला आजवर फक्त मदत घेणारा म्हणून ओळखले गेले, तो त्या गोलात बसून दुसऱ्याला मदत करतो. आपल्या मुलांच्या दृष्टीने याचे महत्त्व फार आहे. सवलत घेणारा म्हणून ज्याला हिणवले जाते, त्याला आपणही काही देऊ शकतो हा अनुभव मिळतो.

ही गोष्ट मोठ्या लोकांच्या चैनीतून निघालेली नाही. १९०५ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रोग्यांना एकत्र बसवून शिकविण्यास आरंभ केला. एकमेकांना पाहून आणि ऐकून रोग्यांना धीर येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०७ साली मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकांनी इंग्रजीच्या तासांपैकी आठवड्याचा एक तास विद्यार्थ्यांच्या स्वभावाचा व पुढील व्यवसायाचा विचार करण्यासाठी राखून ठेवला. आपल्या देशात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय करावी असे सांगितले आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग मानावे असे बजावले. म्हणजे शिफारस जुनी आहे. ती बहुतेक खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचली नाही, एवढेच.

आपल्या चळवळीलाही मुलांच्या सोबतीचे मोल आरंभापासून ठाऊक होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. तेथे मुलांना राहण्या-जेवण्याची सोय मिळालीच. परंतु त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले. पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेबांनी स्वतः तिच्यापुढे भाषण केले. अन्न आणि निवारा यांच्या जोडीला मुलांना आवाज मिळाला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या अमरावतीतही डॉ. पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्रद्धानंद छात्रालय चालविले. निरनिराळ्या घरांतील मुले एका पंगतीला बसली म्हणजे काय घडते, याचा धडा त्या काळात त्याने वऱ्हाडला दिला.

आता कोणी विचारील की, खेड्यातील साध्या माणसाला हे समुपदेशन मानवेल काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालेले आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे साऱ्या देशाचे लक्ष इकडे वळले, त्यानंतर 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत चालविला गेला. गावातल्याच साध्या शिकलेल्या स्त्री-पुरुषांना शिकवून तयार करण्यात आले. त्यांनी घरोघरी व छोट्या गटांतून मनाच्या आजारांविषयी लोकांशी बोलणे सुरू केले, दुःखी माणसांना समुपदेशन दिले आणि गरज पडेल त्यांना डॉक्टरांकडे पाठविले. उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्या लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी शेकडा ४.३ होते, दीड वर्षानंतर ते २७.२ झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. वऱ्हाडचा माणूस बोलत नाही हे खरे नव्हे. त्याच्यापाशी बसून ऐकणारा कोणी आला की तो बोलतो.

शाळांच्या बाबतीत आणखी एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत गावपातळीवर निवडून शिकविलेला समुपदेशक नेमला. काही शाळांत तेच काम शाळेतील शिक्षकाकडे सोपविले. उरलेल्या शाळांत यांपैकी काहीच केले नाही. भित्तिपत्रक, तक्रारी व प्रश्न टाकण्याची पेटी, मुलांचे गट, गुंडगिरीविरुद्ध चर्चा, ज्यांना हवे त्यांना एकांतात समुपदेशन, असे त्या कामाचे स्वरूप होते. जेथे समुपदेशक होता तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधील उदासी आणि मारामारी कमी झाली. जेथे शिक्षकाकडे काम दिले तेथे काहीच न केलेल्या शाळांहून वेगळे घडले नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने शिक्षकाची निंदा होते असे मी मानीत नाही. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. शिवाय जो गुण देतो, हजेरी घेतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळे कसे करील? म्हणून शाळेने "आमचे गुरुजीच हे पाहतात" असे सांगितले, तर आपण नम्रपणे परंतु ठामपणे म्हणावे की, या कामाला स्वतंत्र माणूस पाहिजे.

येथे एका मोठ्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे आणि तो आक्षेप रास्त आहे. आपल्यातील काही सुशिक्षित तरुण विचारतात की, मुलाला त्रास जातीमुळे होत असेल तर दोष मुलाच्या मनात आहे काय? ज्याने अपमान केला त्याला सोडून, ज्याचा अपमान झाला त्यालाच समजावीत बसायचे काय? हा प्रश्न डावलून चालणार नाही. या जिल्ह्यातील महिमापूर गावी जन्मलेले डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थिती तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटावे लागले, असे त्या चौकशीत पुढे आले. देशातील सर्वांत हुशार मुले जेथे जातात तेथे ही स्थिती! अशा मुलाला "तू फार मनाला लावून घेतोस" असे सांगणारा समुपदेशक आपणास नको आहे. अन्याय पचविण्यास शिकविणे म्हणजे समुपदेशन नव्हे.

परंतु नीट चालविलेला गट याच्या उलट काम करतो. एकटे मूल अपमान गिळते आणि त्याला आपलाच दोष समजते. चार मुलांनी तीच गोष्ट सांगितली की ती एकाची व्यथा राहत नाही. ती शाळेची वागणूक ठरते आणि मग तिची तक्रार करता येते. समुपदेशकाचे काम तेव्हा दुहेरी होते. मुलाचे मन सावरावयाचे आणि घडलेल्या अन्यायाविरुद्ध कोणत्या दाराने जावे हेही त्याला व त्याच्या पालकांना सांगावयाचे.

ती दारे कायद्याने उघडलेली आहेत. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. एकाने अस्पृश्यता मोडली, दुसऱ्याने छडी आणि टोमणा दोन्ही मोडले. हे दोन्ही सतरा आकडे प्रत्येक पालकाने पाठ करावेत. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा यांच्या प्रकरणात मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले आणि शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग व वसतिगृहे या सर्वांसाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांची मानहानी करू नये. जातीवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीची गुप्तपणे दखल घेण्याची व्यवस्था करावी, असे त्यात आहे. त्या निकालाच्या पाठीमागे देशाचे दुःख आहे. २०२२ या एका वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले आणि त्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. अकोल्याच्या शिकवणी वर्गांसाठी ज्यांनी आपली मुले भाड्याच्या खोलीत एकटी ठेवली आहेत, त्यांनी हा आकडा विसरू नये.

तेव्हा आपण काय करावयाचे? पहिली गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत बसावयाचे. कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. ही जागा आपली आहे. ती रिकामी ठेवून घरी कुरकुर करण्यात अर्थ नाही. २०२२ साली राज्य सरकारने शाळाशाळांतून सखी सावित्री समिती स्थापन करण्याचे ठरविले. आपल्या मुलाच्या शाळेत ती आहे काय, तिची बैठक केव्हा झाली, हे विचारावयाचे.

दुसरी गोष्ट, गट कसा चालतो यावर लक्ष ठेवावयाचे. गटात येणे मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने असावे. गटात बोललेली गोष्ट बाहेर जाऊ नये. मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसला तर ती योग्य व्यक्तीला सांगितली जाईल, हे पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगावे. कोणालाही बोलण्याची सक्ती नसावी. मुलाला त्याच्या घरच्या बोलीत बोलू द्यावे. आपल्या समाजाचे एकच मूल गटात घालून त्याला सर्वांपुढे "तुझे अनुभव सांग" असे म्हणू नये. त्याने ते मूल प्रदर्शनातील वस्तू होते. आणि नापास मुलांचा गट, सवलतीच्या मुलांचा गट, असा शिक्का मारणारा गट तर मुळीच नसावा.

तिसरी गोष्ट घरातली आहे. समुपदेशकाकडे गेलेल्या मुलाला "वेडा आहेस काय?" असे म्हणू नये. गटात काय झाले याची उलटतपासणी घेऊ नये. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात परीक्षा मंडळ फोनवर समुपदेशक उपलब्ध करून देते. ती सोय चांगली आहे, परंतु मार्चमध्ये एकदा विचारपूस केल्याने वर्षभराचे मौन सुटत नाही. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. तेथे गट पुरेसा नाही. त्याला डॉक्टरांकडे न्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी दिवसरात्र व विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. हा आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आपण मुलांपुढे मोठी नावे ठेवतो आणि ते योग्यच आहे. अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई २०२५ साली भारताचे सरन्यायाधीश झाले, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. परंतु दूरचा आदर्श पाहून मूल चालावयास लागते. चालताना ठेच लागली तर शेजारी कोणीतरी असावे लागते. आनंदाने एकदा भगवंतांना म्हटले की, चांगला मित्र म्हणजे अर्धे ब्रह्मचर्यच होय. भगवंतांनी त्याला दुरुस्त केले: अर्धे नव्हे, संपूर्ण. कल्याणमित्राचे इतके मोल ज्या धम्मात सांगितले आहे, त्या धम्माच्या घरातील मूल शाळेत एकटे आणि मुके बसता कामा नये.

यंदाच्या प्रवारणेला विहारात जमाल तेव्हा मोठ्यांनी गोल करून बसावे, मुलांना मध्ये न बसविता आपल्याबरोबर त्याच गोलात बसवावे आणि त्यांना विचारावे की, शाळेत तुम्हांला काय सोसावे लागते आणि आमचे काय चुकते? मुले लगेच बोलणार नाहीत. तरी थांबावे. पहिले मूल बोलले की दुसरे बोलेल. त्यानंतर पालकांनी आपल्या सह्यांचा अर्ज करून मुख्याध्यापकांकडे जावे आणि समुपदेशकाची व आठवड्यातील एका तासिकेची मागणी करावी. ही मागणी म्हणजे याचना नव्हे. तो आपल्या मुलांचा हक्क आहे.

जय भीम!